वयावर ढकलू नका

१ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार १९९१ पासून तो जगभर पाळला जातो. भिलाईने तर तो अगत्याने पाळावा. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथल्या पोलाद कारखान्याची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. तेव्हा विशीत कामाला लागलेला माणूस आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे आणि त्याची मुलेही निवृत्तीच्या वयाला पोचली आहेत.

१ ऑक्टोबरला शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतील. कुठे रक्तदाब, कुठे साखर तपासली जाईल. पण तपासणीच्या टेबलापर्यंत एक दुखणे सहसा पोचतच नाही. ते म्हणजे लघवीवर ताबा न राहणे. सभागृहात नीट पाहिले तर ते दिसते. दाराजवळची, कडेची खुर्ची धरून बसलेले आजोबा. चहाचा कप पुढे आला की "नको, आत्ताच झाला" म्हणणाऱ्या काकू. नागपूरच्या लग्नाला "तब्येत बरी नाही" असा निरोप जातो, खरी धास्ती प्रवासातल्या तासांची असते. सासू सांगत नाही, सून विचारत नाही आणि घर उठायच्या आत एक चादर गुपचूप धुतली जाते.

"वय झाले, आता हे चालायचेच," या समजुतीनेच सगळा घात केला आहे. वयाबरोबर ही शक्यता वाढते, हे खरे. पण गळती हे लक्षण आहे आणि त्यामागे कारण असते. कारखान्यात गळका व्हॉल्व्ह जुना झाला म्हणून कोणी तसाच सोडत नाही, आधी दोष शोधतात. तोच न्याय शरीराला का नको?

खोकताना, शिंकताना, वजन उचलताना थोडी लघवी सुटते, ती ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडल्याने. बाळंतपणानंतर तिशीतल्या स्त्रीलाही हा त्रास होतो. एकदम कळ येते आणि संडास गाठेपर्यंत दम निघत नाही, तेव्हा मूत्राशय अवेळी आकुंचन पावत असते. पुरुषांत प्रोस्टेट वाढून मूत्राशय पुरते रिकामे होत नाही आणि थेंब थेंब गळत राहते. काहींचे मूत्राशय ठणठणीत असते. गुडघे मात्र वेळेवर पोचू देत नाहीत. त्यांना कठडा, रात्रीचा दिवा आणि कमोड एवढेच पुरते. याशिवाय जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, वाढलेली साखर आणि रक्तदाबासाठी घेतलेली लघवी वाढवणारी गोळी हीही नेहमीची कारणे.

पहिला उपाय बिनपैशाचा आहे. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली मांडलेला हा व्यायाम: वारा अडवताना जे स्नायू आवळतो ते काही सेकंद आवळून धरायचे, मग तितकाच वेळ सैल सोडायचे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पोट आणि मांड्या ताठ करायच्या नाहीत, श्वास रोखायचा नाही. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घेतलेले बरे. अवेळी कळ येणाऱ्यांनी दोन खेपांमधले अंतर हळूहळू वाढवत न्यावे. चहा-कॉफी कमी करावी, वजन आटोक्यात आणावे. पाणी तोडणे मात्र उलटते: लघवी दाट होते, मूत्राशय चिडते, संसर्ग बळावतो आणि इथल्या उन्हाळ्यात तर जिवावर बेतू शकते. एवढ्याने भागले नाही तर औषधे आहेत, शस्त्रक्रियाही आहेत. यातली काही औषधे वृद्धांची स्मरणशक्ती मंद करू शकतात, म्हणून ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. डायपर ही सोय आहे, उपचार नव्हे. लघवीत रक्त दिसले, लघवी अडली किंवा पायांतली शक्ती अचानक गेली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

भिलाईतल्या सेक्टर ९ च्या मोठ्या रुग्णालयापासून मोहल्ल्यातल्या दवाखान्यापर्यंत प्रत्येक डॉक्टरने साठीपुढच्या रुग्णाला आपणहून विचारावे: "लघवी आवरते ना?" प्रश्न डॉक्टरांकडून आला की रुग्णाची अर्धी लाज तिथेच गळून पडते. कार्यक्रम ठरवणाऱ्यांनी मध्यंतर ठेवावे आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते सुरुवातीलाच सांगावे. घरच्यांनी ओल्या कपड्यावरून टोमणा मारू नये. आणि ज्यांना त्रास आहे त्यांनी तीन दिवस एका वहीत लिहावे: किती प्यायलो, केव्हा गेलो, केव्हा आणि काय करताना सुटली. ही वही आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवली की बोलायला शब्द शोधावे लागत नाहीत आणि निदानाचे निम्मे काम तिथेच होते.