तुम्हाला शिकवणाऱ्या प्राध्यापकाला विद्यापीठात मत असतं का?

सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या सिनेट निवडणुकीने सगळ्यांची टाइमलाइन व्यापली होती. मतदान २२ तारखेला होणार होतं, ते अगदी तोंडावर थांबवलं गेलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि अखेर २४ तारखेला मतदान झालं. ठाकरे गटाच्या युवासेनेने दहाच्या दहा जागा जिंकल्या. दोन दिवस सोशल मीडियावर दुसरा विषय नव्हता.

पण त्या दहा जागा नोंदणीकृत पदवीधरांच्या होत्या. त्याच सभागृहात प्राध्यापकांसाठीही दहा जागा असतात आणि त्यांची निवडणूक कधी झाली हे कॉलेजच्या गेटबाहेर सहसा कुणाला कळत नाही. तिथे झेंडे नसतात, त्यामुळे कॅमेरेही नसतात. खरं तर तुमचा सिलॅबस, तुमचा पेपर पॅटर्न आणि तुमच्या निकालाची तारीख यांचा जास्त संबंध या दुसऱ्या निवडणुकीशी आहे.

आधी रचना समजून घेऊ

महाराष्ट्रातली सरकारी विद्यापीठं ‘महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६’ या कायद्याने चालतात. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याआधी १९९४ चा कायदा होता.

सिनेट म्हणजे अधिसभा. तिची वर्षातून किमान दोनदा बैठक होते. बजेट तिथे मांडलं जातं, प्रश्न विचारले जातात, कुलगुरूंना उत्तरं द्यावी लागतात. इथे निवडून येणारे कोण? दहा प्राचार्य, सहा संस्थाचालक, कॉलेजांमधले दहा प्राध्यापक, विद्यापीठाच्या विभागांतले तीन प्राध्यापक आणि दहा पदवीधर. याशिवाय पदसिद्ध आणि नेमलेले सदस्य वेगळे.

रोजचा कारभार मात्र व्यवस्थापन परिषदेकडे असतो. पैसा, नेमणुका, करार हे सगळं तिथे ठरतं. अधिसभेतून या परिषदेवर दोन प्राचार्य, दोन प्राध्यापक, दोन संस्थाचालक आणि दोन पदवीधर जातात. बाकीच्या खुर्च्यांवर कुलगुरू, अधिकारी आणि नामनिर्देशित मंडळी. म्हणजे हजारो प्राध्यापकांच्या वतीने अधिसभेतून या खोलीत पोहोचतात ते दोघे जण.

शैक्षणिक निर्णय विद्या परिषद घेते आणि सिलॅबस तयार होतो अभ्यास मंडळात. मराठीचं वेगळं, भौतिकशास्त्राचं वेगळं, अकाउंटन्सीचं वेगळं. अभ्यास मंडळात बहुतेक प्राध्यापकच असतात, पण विभागप्रमुखांनी निवडून दिलेल्या थोड्या जागा सोडल्या तर मोठा भाग कुलगुरूंनी नेमलेल्यांचा असतो. ज्यांनी आपल्याला नेमलं, त्यांच्याच निर्णयाला विरोध करायचा म्हणजे जीभ जरा जड होणारच.

इथपर्यंतचं चित्र फार वाईट वाटत नाही. जागा आहेत, निवडणूक आहे, मतदार यादी आहे. अडचण या यादीतच आहे.

‘शिक्षक’ कोणाला म्हणायचं?

कायद्यात ‘शिक्षक’ या शब्दाची व्याख्या आहे. साध्या भाषेत सांगायचं तर, विद्यापीठाने मान्यता दिलेला पूर्णवेळ शिक्षक. ‘पूर्णवेळ’ हा शब्द नीट वाचा.

आता तुमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डोकावून बघा. तिथे बसलेल्यांपैकी किती जण सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहेत? जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. सुट्टीत पगार नाही. पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही, याची खात्री नाही. हे लोक शिकवतात, अनेक जण पेपर तपासतात, नॅकची टीम येणार असली की रात्री उशिरापर्यंत फाइलीही लावतात. पण कायद्याच्या व्याख्येत ते बसत नाहीत. त्यामुळे ना मत देता येतं, ना उभं राहता येतं.

थोडेथोडके लोक असते तर वेगळी गोष्ट. पण भरतीचे आकडे बघा. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० जागा भरायला परवानगी दिली. त्या तेव्हाच्या रिक्त जागांच्या ४० टक्के होत्या. म्हणजे एकूण रिक्त जागा सुमारे नऊ हजारांच्या घरात. त्यातल्या १,४९२ भरल्या आणि कोरोनाच्या काळात भरती थांबली. उरलेल्या २,०८८ जागांना पुन्हा हिरवा कंदील मिळायला नोव्हेंबर २०२१ उजाडलं. नेट-सेट झालेल्या कुणालाही हे आकडे विचारा, झोपेतही सांगतील.

या बातम्या आपण नेहमी बेरोजगारीच्या चष्म्यातून वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण याचा दुसरा परिणाम सहसा कुणी मोजत नाही. एक कायम प्राध्यापक निवृत्त झाला आणि त्याच्या जागी सीएचबीवर माणूस आला, की वर्गात तास होत राहतो, पण मतदार यादीतून एक नाव कमी होतं. कायदा न बदलता, कुठलाही वाद न होता प्राध्यापकांचा आवाज एकेका निवृत्तीसोबत बारीक होत जातो.

आवाज नसला तर काय होतं?

मुंबई विद्यापीठ, २०१७. उन्हाळी परीक्षांच्या सगळ्या उत्तरपत्रिका एकदमच कॉम्प्युटरवर तपासायच्या असं ठरलं. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका. स्कॅनिंग रखडलं, सिस्टीम अडखळली. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटून गेली आणि काही निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले. परदेशात किंवा दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घ्यायला निघालेल्या मुलांचं काय झालं असेल, हे वेगळं सांगायला नको. २४ ऑक्टोबर २०१७ ला कुलपतींनी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून हटवलं.

या गोंधळाच्या बातम्यांत एक तपशील मागेच राहिला. जुन्या अधिसभेची मुदत २०१५ मध्येच संपली होती. नवा कायदा येतोय म्हणून निवडणुका लांबल्या आणि पदवीधरांचं मतदान थेट मार्च २०१८ मध्ये झालं. म्हणजे एवढा मोठा निर्णय झाला तेव्हा त्याबद्दल जाब विचारायला निवडून आलेली अधिसभाच नव्हती. असती तर घोळ टळला असता, असा दावा मी करणार नाही. पण ‘१७ लाख पेपर, एवढ्या दिवसांत, कसे?’ हा साधा हिशेब पेपर तपासणाऱ्यांनी सभागृहात नक्की मागितला असता.

प्राध्यापकांच्या हातात खरी सत्ता असू शकते?

असू शकते. ऑक्सफर्डमध्ये ‘काँग्रिगेशन’ नावाची सभा आहे. तिचे हजारो सदस्य आहेत आणि त्यात मुख्यतः तिथे शिकवणारे, संशोधन करणारेच असतात. १९८५ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना मानद पदवी द्यायचा प्रस्ताव या सभेने ७३८ विरुद्ध ३१९ मतांनी फेटाळला. कारण होतं शिक्षणाच्या निधीतली कपात. २००६ मध्ये विद्यापीठाच्या कारभारी मंडळात बाहेरच्या लोकांचं बहुमत आणायचा बेतही प्राध्यापकांनी १,५४० विरुद्ध ९९७ मतांनी हाणून पाडला. आपल्याकडे असं काही होईल, याची कल्पना करून बघा. हसू आलं ना?

आता पुढे काय?

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत कंत्राटी शिक्षकांचं प्रमाण एकूण पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, अशी अट होती. प्रत्यक्षात ती किती पाळली गेली, ते स्टाफरूमला माहीत आहे. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या नव्या नियमांच्या मसुद्यात ही अटच काढून टाकली होती. याच मसुद्यात उद्योग किंवा प्रशासनातल्या व्यक्तीलाही कुलगुरू होता येईल, असं म्हटलं होतं. चर्चा झाली ती या दुसऱ्या मुद्द्याची आणि राज्यांच्या अधिकारांची. केरळ, तमिळनाडू, कर्नाटक यांनी विरोध केला. दहा टक्क्यांची अट मथळ्यांच्या खाली राहून गेली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तर संलग्न कॉलेजांची पद्धत टप्प्याटप्प्याने संपवायची आहे आणि प्रत्येक संस्थेचा कारभार तिच्या नियामक मंडळाकडे द्यायचा आहे. त्या मंडळात प्राध्यापक निवडून येतील की नेमले जातील, हे प्रत्येक कॉलेजात ठरेल.

तोपर्यंत एक गोष्ट तुम्हाला करता येईल. अधिसभेच्या निवडणुकीआधी विद्यापीठ मतदार याद्या जाहीर करतं. पुढच्या वेळी शिक्षकांची यादी आली की त्यात तुमचं कॉलेज शोधा आणि टाइमटेबलवरची किती नावं तिथे सापडतात ते मोजा.