बारदानाचा धनी कोण?

लासलगावच्या बाजारपेठेत ज्याचा काही काळ वावर झाला आहे, त्याला मालाइतकीच बारदानाचीही किंमत कळते. १९४७ साली येथे बाजार समिती स्थापन झाली त्या काळात, आणि त्यानंतरही बरीच वर्षे, कांदा ज्या तागाच्या गोणीत भरला जाई ती गोणी कोणाची, तिच्या वजनाची वजावट किती, ती रिकामी होऊन परत यायची की मालाबरोबर जायची, आणि उसवली तर शिवण्याचा खर्च कोणाच्या नावे टाकायचा, हे प्रश्न भावाच्या प्रश्नाइतकेच गंभीर असत. आज शेतकऱ्याचा कांदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मोकळाच लिलावाला येतो आणि गोणीची गाठ पुढे व्यापाऱ्याच्या खळ्यावर पडते; तरीही माल वेगळा, बारदान वेगळे, आणि दोहोंना धनी असलाच पाहिजे, हा विवेक या गावाने सोडलेला नाही. निदान कांद्याच्या बाबतीत तरी नाही.

याची आठवण होण्यास निमित्त घडले ते कॉफीचे. पुण्यास भाचीकडे गेलो असता तिने मोठ्या हौसेने एक नवे यंत्र दाखविले आणि "मामा, तुम्ही नुसतं हे बटण दाबा," असे म्हणून माझ्याच हातून माझ्यासाठी कॉफी करविली. आमच्या पिढीच्या घरांत कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, वर जायफळ किसून घातलेली, आणि पाहुणा आल्यावाचून किंवा परीक्षेचे जागरण असल्यावाचून सहसा न होणारी गोष्ट. येथे मिनिटभराच्या आत पेला भरला, वर फेसही आला, आणि चवीविषयी तक्रार करावी असे खरोखरच काही नव्हते. यंत्राच्या पोटातील कप्प्यात पडलेली वापरलेली कुपी, जिला पॉड किंवा कॅप्सूल म्हणतात, ती मात्र मी सुरीने कापून पाहिली. ॲल्युमिनियमची इवलीशी डबी, तिच्या तोंडावर भोके पडलेला त्याच धातूचा पातळ पापुद्रा, आणि आत चमचाभर ओला, अजून कोमट असलेला चोथा: एका माणसाच्या एका पेयासाठी एवढी तजवीज झाली होती, आणि दुसऱ्या पेयाच्या वेळी ती उपयोगी पडणार नव्हती.

या कुपीचा इतिहास फार जुना नाही. नेस्ले कंपनीतील एरिक फाव्र या अभियंत्याने १९७०च्या दशकात ही कल्पना सिद्धीस नेली, १९८६ साली नेस्प्रेसो या नावाने तिचा व्यापार सुरू झाला, आणि अमेरिकेत जॉन सिल्व्हन यांनी तिचा प्लास्टिकचा अवतार घडविला. त्याच सिल्व्हन यांनी २०१५ साली, ही वस्तू आपण निर्माण केली याचा कधीकधी खेद होतो, अशी जाहीर कबुली दिली. पुढच्याच वर्षी जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराने आपल्या सरकारी कचेऱ्यांत सार्वजनिक पैशातून अशा कुप्या खरेदी करण्यास मनाई केली.

लासलगावच्या काट्यावर हा व्यवहार चढविला म्हणजे त्याचे वैचित्र्य ध्यानात येते. ५० किलो कांद्याला गोणी फार तर किलोभर वजनाची. कुपीत मात्र ५-६ ग्रॅम कॉफीमागे सुमारे १ ग्रॅम धातू. अशा प्रमाणाचा माल कोणी येथे आणला असता, तर तोलणाऱ्याने, "बाबा, विकायला कांदा आणला आहेस की गोणी?" असे विचारल्याशिवाय काटा धरला नसता. आणि हा धातूही स्वस्ताईचा नव्हे. किलोभर ॲल्युमिनियमसाठी ४-५ किलो बॉक्साइट उकरावे लागते आणि सुमारे १४-१५ युनिट वीज खर्ची पडते. म्हणजे हजार कुप्यांमागे तितकी वीज नुसत्या वेष्टनातच गेली. बॉक्साइट उकरणे म्हणजे काय, हे पाहण्यास परदेशी जावयास नको. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यातील दुर्गमानवाडीच्या पठाराने आणि बेळगावच्या कारखान्याने ते आपल्याला घराजवळच दाखविले आहे. हाच धातू पुन्हा वितळविला तर मूळच्या ऊर्जेच्या विसाव्या हिश्श्यात काम भागते, हे खरे. पण कुपी इतकी लहान आणि तिच्यातील चोथा इतका ओला, की तिला मुद्दाम वेगळी ठेवून, रिकामी करून योग्य स्थळी पोहोचविणारे कोणी नसले, तर ती सरसकट कचऱ्यातच जाते.

प्रतिपक्षाची कैफियतही नोंदविली पाहिजे. कुपीत कॉफी नेमकी मोजलेली असते आणि पाणीही लागेल तेवढेच तापते. उलट किटलीभर कॉफी करून निम्मी मोरीत ओतणाऱ्याच्या हातून मळ्यातल्या बियांची, खताची आणि इंधनाची जी नासाडी होते, ती कित्येकदा कुपीहून जड भरते, असे कॅनडातील संशोधकांनी २०२३ साली दाखवून दिले. हा युक्तिवाद मला मान्य आहे. मात्र हवेत गेलेल्या वायूचा हिशेब चुकता झाला, म्हणून जमिनीवर उरलेल्या डबीचा हिशेब आपोआप चुकता होत नाही. ती दोन निरनिराळी खाती आहेत, आणि एका खात्यातील शिल्लक दाखवून दुसऱ्यातील तूट झाकणारा मुनीम कोणत्याही पेढीवर फार दिवस टिकणार नाही.

परंतु पुण्याच्या यंत्राला दोष देऊन लासलगावला निर्दोष सोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. लिलावाच्या वेळी समितीच्या आवारात ट्रॉल्यांच्या रांगा लागतात, शेतकरी, हमाल, मापारी आणि खरेदीदारांची माणसे तासन्‌तास उभी असतात, आणि त्यांच्यामधून एका हातात किटली व दुसऱ्या हातात कागदी पेल्यांची चळत घेतलेला पोऱ्या फिरत असतो. चहा दोन घोटांचा. पेला चुरगळून पायाशी. तो कागदाचा आहे, म्हणून मातीत मिसळेल, अशी आपली समजूत; ती तपासण्यास असा एक पेला रात्रभर पाण्यात भिजत ठेवावा आणि सकाळी चिमटीत धरून पाहावा. कागदाचा लगदा गळून पडतो, आणि बोटांत राहतो तो पेल्याच्याच आकाराचा पारदर्शक प्लास्टिकचा पडदा. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० साली दाखविले, की अशा पेल्यात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटे राहिले, तर त्या पडद्याचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण पाण्यात उतरतात. म्हणजे बारदानाचा काही अंश येथे माल म्हणून पोटातही जातो.

कायदा नाही असे नाही. २३ मार्च २०१८च्या अधिसूचनेने राज्य शासनाने एकदाच वापरून टाकण्याच्या प्लास्टिकच्या पेल्या-ताटल्यांवर बंदी घातली, जुलै २०२२मध्ये प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी वस्तूही त्या बंदीत आणल्या, आणि पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपयांपासून तिसऱ्या गुन्ह्यास २५,००० रुपये व ३ महिन्यांच्या कैदेपर्यंत तरतूद ठेवली. तामिळनाडूने अशा पेल्यांवर घातलेली बंदी २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही ग्राह्य धरली. तरी पेला आहे तेथेच आहे, आणि तो निव्वळ बेपर्वाईने आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. काचेचा ग्लास विसळायला पाणी लागते, आणि नांदूरमधमेश्वरहून येणाऱ्या पाण्याची वाट पाहण्यात ज्या गावाचे उन्हाळे जातात, तेथे एकाच बादलीत दिवसभर बुडविलेल्या ग्लासापेक्षा कोरा कागदी पेला माणसाला स्वच्छ वाटला, तर त्यात नवल काय? करोनाच्या साथीने त्या शंकेला आणखी बळ दिले.

२०१८च्या त्याच अधिसूचनेत एक कलम मला विशेष सुज्ञपणाचे वाटते. दुधाच्या पिशवीवर ५० पैशांचे परतमूल्य छापावे आणि रिकामी पिशवी आणून देणाऱ्यास ते द्यावे, असे त्यात योजिले होते. म्हणजे बारदानाला पुन्हा धनी मिळणार होता. ते ५० पैसे मी कोणाला मागताना पाहिले नाही, देताना तर नाहीच. पण तत्त्व खोटे नव्हते. बाजाराच्या आवारात ते सहज अमलात येण्याजोगे आहे, कारण येथील चहावाले ठरलेले, गिऱ्हाईक ठरलेले आणि फाटकही ठरलेले. समितीने एक धुण्याचा ओटा आणि गरम पाण्याची सोय करून द्यावी, चहावाल्यांनी स्टीलचे पेले ठेवावेत, आणि ज्याला टाकाऊ पेलाच हवा त्याच्याकडून रुपया अधिक घेऊन रिकामा पेला परत आणल्यावर तो त्याला द्यावा. कॉफीच्या कुप्या विकणाऱ्या कंपन्यांनाही हाच नियम लावावा: ज्या दुकानातून कुपी गेली, त्याच दुकानाने ती परत घ्यावी.

हमाली, तोलाई, वाराई अशी कलमे शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीवर वर्षानुवर्षे पैशापैशाने मांडलेल्या गावाला आणखी एक कलम मांडणे जड जाऊ नये. आज ते मांडले जात नाही, म्हणून त्याचा खर्च नाहीसा झालेला नाही. लिलाव आटोपल्यावर आवार झाडणाऱ्या बाईच्या पाठीवर तो बिनबोभाट चढविला जातो. तिने तो चहा घेतलेला नसतो. तेव्हा माझे मत स्पष्ट आहे: हे कलम विकणाऱ्याच्या आणि पिणाऱ्याच्या नावे निम्मे निम्मे टाकावे आणि तिच्या नावावरून ते कायमचे खोडून काढावे.