उसन्या कायद्याचा अभिमान

आफ्रिका खंडातील 54 देशांपैकी तीसहून अधिक देशांत समलिंगी संबंध आजही दंडनीय आहेत. युगांडाने तर 2023 साली काही प्रसंगी देहदंड देण्यापर्यंत मजल मारली. आफ्रिकेची संस्कृती राखण्यासाठी हे करावे लागते, असे तेथील राज्यकर्ते सांगतात. ही संस्कृती आली कोठून, याची चौकशी आपणही करावयास हवी. कारण तिचा एक धागा थेट आपल्या दारापर्यंत पोहोचतो.

मेकॉलेच्या मसुद्यावरून सिद्ध झालेली भारतीय दंडसंहिता 1860 साली संमत झाली. तिच्या 377 व्या कलमात जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. हीच संहिता केनियात आणि युगांडात 1930 पर्यंत चालत होती. पुढे तेथे नव्या संहिता आल्या, गुन्हा मात्र तोच राहिला. म्हणजे सुरतेजवळच्या बमरोलीत यंत्रमाग चालविणाऱ्याला 2018 पर्यंत जे भय होते, तेच कंपालाच्या रहिवाशाला एका साहेबाच्या लेखणीने दिले होते. याला आफ्रिकेची परंपरा म्हणावयाचे काय?

मॉरिशसने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांनी आपला गणपती आणि झाकरी त्या बेटावर नेली व जपली. 1838 च्या फौजदारी संहितेतील 250 वे कलम मात्र कोणीच आपल्या गाठोड्यातून नेले नव्हते. 4 ऑक्टोबर 2023 रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच सांगितले: हे कलम देशी मूल्यांतून उपजलेले नाही, तो ब्रिटिश अमलाचा वारसा आहे. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते घटनाबाह्य ठरविताना भारताच्या 2018 च्या निकालाचाही आधार घेण्यात आला. केनियाच्या उच्च न्यायालयासमोर 2019 साली तोच निकाल होता; त्याने तो स्वीकारला नाही.

तथापि सारे खापर इंग्रजांच्या माथी फोडणे सोयीचे असले, तरी खरे नव्हे. बुर्किना फासो ही फ्रेंचांची वसाहत. तेथे असा कायदा नव्हता. तो 2025 च्या सप्टेंबरात स्वकीयांनीच केला. आणि आपण तरी कोणत्या तोंडाने उपदेश करावा? दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 साली दिलेली मोकळीक 2013 साली आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतली होती. मधल्या चार वर्षांत विश्वासाने उघडपणे बोललेली माणसे एका दिवसात पुन्हा गुन्हेगार ठरली.

युगांडाच्या घटना न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये कायद्याचा बहुतांश भाग कायम ठेवला. शेजाऱ्याची खबर पोलिसांना न देणाऱ्यास शिक्षा करणारे कलम मात्र रद्द झाले. तेथील भयग्रस्तांच्या पदरी तूर्त एवढाच दिलासा आहे.