जुनी भिंगं, नवे सेन्सर

‘रोग वन’ (२०१६) डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित झाला, पण त्याला लावल्या होत्या पॅनाव्हिजनच्या ‘अल्ट्रा ७०’ लेन्स, म्हणजे ‘बेन-हर’च्या (१९५९) घराण्यातल्या. हॉलिवूडला हे चोचले परवडतात.

खरी गंमत छोट्या १६ मिमी लेन्सची आहे. स्विस बोलेक्स कॅमेऱ्याला आट्यांनी बसणारी ‘सी-माउंट’ लेन्स फिल्मपासून १७.५२६ मिमीवर असावी लागते. डीएसएलआरमध्ये आरशापायी हे अंतर चाळिशी ओलांडतं. तिथे ती लावली तर अगदी नाकासमोरचंच स्पष्ट दिसणार. आरसा गेला आणि मायक्रो फोर थर्ड्स प्रकारच्या कॅमेऱ्यांनी हे अंतर १९.२५ मिमीवर आणलं. उरलेला जेमतेम पावणेदोन मिमीचा फरक अडॅप्टर लेन्सला आत बसवून मिटवतो.

कोपरे मात्र काळे पडतात, कारण १६ मिमीची चौकट या सेन्सरहून लहान! २०१३चा ब्लॅकमॅजिक पॉकेट कॅमेरा सुपर १६ फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर घेऊन आला, तेव्हा कुठे अशा बऱ्याच लेन्सचं नशीब उघडलं.

कडा मऊ, उजेड समोरून आला की चित्र पांढुरकं, फोकस हातानेच. हे दोष आवडत असतील तरच या वाटेला जावं. आणि घेण्याआधी भिंगातून टॉर्च मारून बघा. जाळीदार धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत ती फोफावते. अशी लेन्स फुकट मिळाली तरी नको.