हवाला कुठला?



उर्दूत ‘हवाला’ म्हणजे संदर्भ. एखादी गोष्ट कुठल्या पुस्तकातून, कोणाच्या तोंडून घेतली ते सांगणे म्हणजे हवाला देणे. मराठी वर्तमानपत्रात मात्र हा शब्द काळ्या पैशाच्या बातमीत भेटतो. आम्ही दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे दरवर्षी वर्गात या शब्दावर एकदा तरी हशा पिकतो. पण या शब्दाने एकदा आम्हालाच पेचात पकडले, त्याची ही हकीकत.

९ जानेवारी २०२५. सकाळच्या परिपाठात आम्ही फातिमा शेख यांच्या जयंतीनिमित्त पाच मिनिटे बोललो. फळ्यावर रंगीत खडूने लिहिले होते: ‘जन्म ९ जानेवारी १८३१. भारतातील पहिल्या मुस्लिम शिक्षिका.’ २०२२ साली याच दिवशी गूगलने आपल्या पानावर त्यांचे चित्र लावले होते, तेव्हापासून आम्ही हा दिवस पाळत आलो. आणि नेमके त्याच दिवशी एका पत्रकाराने समाजमाध्यमावर जाहीर केले की फातिमा शेख नावाची बाई कधी नव्हतीच, ते पात्र आपणच रचले होते.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. मराठीच्या प्राध्यापकांनी हजार शब्दांचा वादनिबंध लिहायला दिला होता: एक भूमिका घ्या आणि पुराव्यानिशी मांडा. तिने विषय घेतला होता, ‘इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात फातिमा शेख यांना स्थान हवे.’ निबंध लिहून तयार होता आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर कोणीतरी ती बातमी टाकून खाली लिहिले होते, ‘आता तुझ्या निबंधाचे काय?’

“खाला, मी खोटं लिहिलंय का?” तिचा आवाज भरून आला होता. “विषयच बदलते मी.”

आम्ही म्हणालो, “रविवारी निबंध घेऊन ये. विषय बदलायचा की नाही ते वाचल्यावर ठरवू.”

रविवारी ती आली. निबंध वाचला. भाषा छान, ओघ छान. फातिमाबींचा जन्म, त्यांचे शिक्षण, घरोघर फिरून मुली गोळा करणे, लोकांचे टोमणे, सगळे डोळ्यांसमोर उभे राहावे असे. आम्ही पेन्सिल घेतली आणि प्रत्येक वाक्याखाली एकच प्रश्न लिहीत गेलो: हवाला कुठला? चार पानांत हा प्रश्न सव्वीस वेळा आला. बावीस ठिकाणी तिचे उत्तर एकच होते: “नेटवर होतं.” दोन ठिकाणी उत्तर आले, “पुस्तकात होतं, पण नाव आठवत नाही.” आणि दोन ठिकाणी ती आमच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “हे तुम्हीच सांगितलं होतं, खाला.”

पेन्सिल आमच्या हातात तशीच राहिली. ती दोन वाक्ये म्हणजे जन्मतारीख आणि ‘पहिल्या’ हा शब्द.

आपल्या घरांत हदीस सांगताना सनद सांगण्याची रीत आहे. अमुकाने अमुकाकडून ऐकले, त्याने अमुकाकडून. मुहद्दिसांनी मजकूर तर पाहिलाच, पण सांगणारा रावी कोण, तो विश्वासाचा आहे का, ज्याच्याकडून ऐकल्याचे सांगतो त्याला तो भेटला तरी होता का, हेही तपासले. ही रीत लहानपणापासून ठाऊक असूनही खडू हातात घेताना आम्ही ती विसरलो. आमचा रावी कोण होता? एक चित्र आणि त्याच्या मागून आलेले पन्नास संदेश. पन्नासांनी एकाच ठिकाणाहून उतरवले असेल, तर त्या पन्नास साक्षी होत नाहीत, एकच होते.

दुसऱ्या दिवशी भाचीने महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून पुस्तक आणले: ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’, संपादक डॉ. मा. गो. माळी, प्रकाशक महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, १९८८. त्यात सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेले १० ऑक्टोबर १८५६ चे पत्र आहे. आजारपणानंतर त्या माहेरी, नायगावला होत्या. प्रकृतीची खबर आहे, भावाशी झालेला वाद आहे, आणि मध्येच फातिमाचे नाव येते. आपल्या मागे तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचे.

भाची उडालीच. “मिळाला पुरावा!”

आम्ही म्हणालो, “मिळाला. आता वहीत मधोमध रेघ मार. डावीकडे पत्रात काय आहे ते लिही. उजवीकडे तुला त्यावरून काय वाटतं ते.”

ही रेघ आमच्या मते निबंधलेखनातले निम्मे काम आहे. डावीकडे आले: फातिमा हे नाव, पत्राची तारीख, त्रास पडत असेल, कुरकुर करणार नाही. बस. आडनाव नाही, जन्मतारीख नाही, ‘शिक्षिका’ हा शब्द नाही, ‘पहिली’ तर नाहीच. उजवीकडे आले: सावित्रीबाई पुण्यात नसताना त्यांच्या कामाचा भार फातिमावर पडला असावा. त्यांचे काम म्हणजे १८४८ साली भिडे वाड्यात सुरू झालेल्या कार्यातल्या शाळा. म्हणून फातिमा शाळेच्या कामात असावी. हा तर्क आहे, आणि चांगला तर्क आहे. पण निबंधात तो तर्क म्हणूनच यायला हवा. ‘पत्रात म्हटले आहे’ आणि ‘पत्रावरून असे दिसते’ ही दोन वाक्ये वेगळी आहेत. यांची अदलाबदल केली की वाचकाची फसवणूक होते, मग हेतू कितीही नेक असो.

त्या रात्री जेवताना आपा आणि भाईसाहेबही होते. भाईसाहेब म्हणाले, “आधीच लोक आपल्या माणसांची नावं पुसायला बसलेत. त्यात आपल्याच हातानं आपल्या बाईची तारीख कशाला खोडायची?”

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. कित्येक घरांत तो असेल. आम्ही त्यांना म्हणालो, “भाईसाहेब, ती बाई नव्हतीच असं म्हणणाऱ्याला जोर कशानं आला? पत्रानं नाही. तारखेनं आला. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१. आपण फातिमाबींना त्याच साली, त्याच महिन्यात, सहा दिवसांनी जन्माला घातलं आणि खाली कुठला कागद दाखवला नाही. कच्ची वीट आपणच लावली. ती निघाली तेव्हा लोक म्हणाले, भिंतच नाही.”

भाईसाहेब काही बोलले नाहीत. पण भाचीने वही उघडली आणि निबंध नव्याने मांडायला घेतला.

आधी दावा बदलला. पूर्वीचा दावा होता, ‘फातिमा शेख या भारतातील पहिल्या मुस्लिम शिक्षिका होत्या, म्हणून त्यांना स्थान हवे.’ आम्ही विचारले, मोहल्ल्यामोहल्ल्यांत घरच्या ओसरीवर मुलींना कुरआन शिकवणाऱ्या उस्तान्या पिढ्यान् पिढ्या होत्या, त्या शिक्षिका नव्हत्या का? ‘पहिली’ म्हटले की त्या सगळ्या पुसल्या जातात. नवा दावा लहान झाला: ‘फुले दाम्पत्याच्या कार्यात फातिमा नावाची स्त्री सहभागी होती असे १८५६ च्या पत्रावरून दिसते. पाठ्यपुस्तकात तिचा उल्लेख असावा, आणि तो या पुराव्यासह असावा.’ लहान दावा पेलता येतो. मोठा दावा पेलताना लेखकच वाकतो.

मग विरोधी बाजू. भाचीला ती एका ओळीत उडवायची होती. आम्ही म्हणालो, समोरच्याचा मुद्दा त्याने स्वतः वाचला तर ‘हो, हेच मला म्हणायचं होतं’ असे त्याला वाटले पाहिजे, इतका नीट लिही. तिने लिहिले: एका पत्रात एकदा आलेल्या नावावर एवढी इमारत उभी करणे योग्य नाही. आणि मग उत्तर दिले. पत्र बायकोने नवऱ्याला लिहिलेले आहे, जगाला दाखवायला नाही. फातिमा कोण हे त्यात सांगावे लागत नाही, म्हणजे दोघांनाही ती चांगली ओळखीची होती. शिवाय पत्र १९८८ च्या पुस्तकात छापलेले आहे. समाजमाध्यमे त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. तेव्हा हे नाव अलीकडे कोणी रचले असे म्हणता येत नाही. जन्मतारखेबद्दल मात्र तिने सरळ लिहिले की प्रचलित तारखेला आपण पाहिलेल्या साधनांत आधार आढळला नाही, म्हणून ती घेतलेली नाही.

हवाला देतानाही एक गाठ होती. तिने तळटीपेत लिहिले, ‘सावित्रीबाईंचे मूळ पत्र, १८५६.’ आम्ही विचारले, मूळ पत्र पाहिलेस का? नाही. मग जे पाहिले तेच लिहायचे: पत्राची तारीख, पुस्तक, संपादक, प्रकाशक, साल आणि पान. दुसऱ्याच्या लेखात वाचलेले अवतरण असेल तर त्या लेखाचे नाव आधी. रावी वगळून थेट वर उडी मारायची नाही.

शेवटी चोरीचा मुद्दा. पहिल्या मसुद्यातले दोन परिच्छेद एका संकेतस्थळावरून जवळजवळ तसेच उतरलेले होते. भाची म्हणाली, “पण मी शब्द बदललेत.” सात-आठ शब्द बदलले होते, वाक्यांची चण तीच होती. आम्ही तिला आमची जुनी युक्ती सांगितली: वाचा, पुस्तक मिटा, पाणी पिऊन या, मग आईला सांगितल्यासारखे लिहा. नंतर पुस्तक उघडून ताडून पाहा. लेखकाचेच शब्द हवे असतील तर अवतरणचिन्हात घाला. आणि शब्द तुमचे, पण माहिती त्याची असेल तरीही हवाला द्या. यंत्राला प्रश्न विचारून मिळालेल्या उत्तरालाही हाच कायदा. त्याने पुस्तकाचे नाव सांगितले तर ते पुस्तक हातात घेऊन पान उघडल्याशिवाय तळटीपेत घालायचे नाही.

निबंध हजार शब्दांचाच राहिला. पेन्सिलीचे सव्वीस प्रश्न संपले तेव्हा त्यातली अकरा वाक्ये उरली होती. बाकीची जागा विचाराने भरली.

आमचे काम मात्र राहिले होते. पुढच्या सोमवारी परिपाठात आम्ही पुन्हा उभे राहिलो. मुलींना सांगितले की गुरुवारी फळ्यावर लिहिलेल्या दोन गोष्टींचा हवाला आमच्याकडे नाही, तेव्हा त्या वह्यांतून खोडा. मग पत्राची हकीकत सांगितली. तारीख, पुस्तक, संपादक, सगळे. बोलताना घसा कोरडा पडला. इतक्या वर्षांच्या नोकरीत चूक कबूल करायला एवढा मोठा वर्ग कधी समोर नव्हता.

पाचवीतल्या एका मुलीने हात वर केला. “मॅडम, मग फातिमाबींचा वाढदिवस कधी असतो?”

“माहीत नाही, बेटा.”

ती थोडा वेळ उभीच राहिली. मग विचारले, “ते पत्राचं पुस्तक आपल्या शाळेत आहे का?”

नव्हते. आता मागवले आहे.