माकडहाडाचे दुखणे आणि राहून गेलेली तपासणी

खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत २०२३मध्ये प्रोटॉन उपचार सुरू झाले, ही मोठी बातमी होती. या उपचाराचा लाभ होणाऱ्या दुर्मीळ गाठींपैकी एक म्हणजे कॉर्डोमा. वर्षाला दहा लाखांत साधारण एकाला होणारी ही कर्करोगाची गाठ अनेकदा कण्याच्या तळाशी, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीत होते आणि ओटीपोटाच्या पोकळीत वाढते. सरकारी रुग्णालयात काम करताना मला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. रुग्ण त्या यंत्रापर्यंत वेळेत पोहोचतो का?

अनेकदा नाही. गाठ वर्षानुवर्षे सावकाश वाढते. बसले की दुखते, शौचाला कुंथावे लागते, लघवी अडते. त्यावर सायटिका, मूळव्याध, प्रोस्टेट असे शिक्के बसतात. एमआरआय होतो तो कमरेच्या मणक्यांचा. त्रिकास्थीचा खालचा भाग त्यात बहुधा येत नाही. रिपोर्ट नॉर्मल म्हणून रुग्ण घरी जातो. गुदद्वारातून बोटाने तपासले, तर मागच्या बाजूची टणक गाठ पुष्कळदा हाताला लागते. खर्च एका हातमोज्याचा. पण ओपीडीतली गर्दी, आडोशाचा अभाव आणि दोघांचाही संकोच यांमुळे नेमकी तीच तपासणी राहते.

दुसरी चूक घाईची. गुदाशयातून सुई घालून तुकडा काढला, तर जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि गाठीच्या पेशी वाटेत सांडू शकतात. म्हणून सुई मागच्या बाजूने, पुढे शस्त्रक्रियेत काढून टाकता येईल अशा मार्गानेच घालायची असते. गाठ न फोडता, भोवतालच्या निरोगी थरासह अखंड काढणे हा मुख्य उपचार. तुकड्यांत काढली, तर ती परत येण्याचा धोका फार वाढतो. गाठ त्रिकास्थीत जितकी वर पोहोचलेली, तितक्या लघवी-शौचावर ताबा ठेवणाऱ्या नसा गमवाव्या लागतात. उशिराची किंमत रुग्ण आयुष्यभर मोजतो.

म्हणून संशय येताच, सुई किंवा सुरी लावण्याआधी, रुग्णाला हाडांच्या कर्करोगाचा अनुभव असलेल्या केंद्रात पाठवावे. औषधांनी न थांबणारे माकडहाडाचे दुखणे असेल, तर वाचकांनीही ही तपासणी मागून घ्यावी. बसण्याच्या जागेला बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर एक दिवसही थांबू नये.

कोट्यवधींचे यंत्र आले, हे चांगलेच झाले. तिथवरची वाट मात्र तालुक्याच्या दवाखान्यातल्या एका पडद्यामागून जाते. तो पडदा आधी लावायला हवा.