प्रतीकाचे बोधचिन्ह होते तेव्हा

व्हिडिओ गेम हा साहित्यसमीक्षेचा विषय होऊ शकतो का, हा वाद आम्हांस आता निरर्थक वाटतो. जिथे प्रतिमा अर्थ वाहते तिथे समीक्षेला काम आहे, एवढे मान्य केले की पुरे. आमची तक्रार वेगळी आहे आणि ती एका विशिष्ट मालिकेबद्दल आहे. कोनामी ह्या जपानी कंपनीच्या 'सायलेंट हिल' मालिकेने आपल्या पूर्वार्धात राक्षसाच्या आकृतीला प्रतिमेची प्रतिष्ठा मिळवून दिली. उत्तरार्धात त्याच आकृतीचा छापा करून ती प्रतिष्ठा तिनेच घालवली.

१९९९ साली आलेल्या पहिल्या खेळातच ह्या प्रतिष्ठेचा पाया दिसतो. त्यातले राक्षस धुक्याने वेढलेल्या गावातले असले, तरी जन्मले आहेत ॲलेसा नावाच्या होरपळलेल्या मुलीच्या दुःस्वप्नांतून. रुग्णालयात वर्षानुवर्षे खिळून पडलेल्या ह्या मुलीच्या मनात परिचारिका पाठीवर बांडगूळ वागवणाऱ्या कळसूत्री बाहुल्या होतात. भय कोणाचे आहे हे कळले की आकृती अशी का आहे हेही कळते.

२००१ च्या दुसऱ्या भागात हे तत्त्व पूर्णत्वाला गेले. त्याचे रहस्य सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. जेम्स संडरलंड ह्या गृहस्थाला मृत पत्नीचे, मेरीचे, पत्र येते आणि तो तिच्या शोधात गावात शिरतो. मेरी दीर्घ आजाराने गेली, असे तो सांगतो, बहुधा स्वतःलाही. वास्तवात त्यानेच उशीने तिचा श्वास कोंडलेला असतो. मासाहिरो इतो ह्यांनी रेखाटलेले राक्षस ही कबुली जेम्सच्या आधी देतात. एकाचे धड स्वतःच्याच कातडीत बांधल्यासारखे आहे आणि ते रुग्णासारखे तळमळते. दुसऱ्याला डोके नाही, चेहरा नाही, कमरेला जोडलेल्या पायांच्या दोन जोड्या तेवढ्या आहेत. दडपलेल्या वासनेचे इतके निर्दय चित्र आम्ही क्वचितच पाहिले आहे. आणि तिसरा तो प्रसिद्ध 'पिरॅमिड हेड': मस्तकावर लोखंडी त्रिकोणी शिरस्त्राण, हातात फरफटत न्यावा लागणारा प्रचंड सुरा. मेरीसारख्याच दिसणाऱ्या मारियाला तो जेम्सच्या डोळ्यांदेखत पुन्हा पुन्हा मारतो. शेवटी, आपल्याला शिक्षा करणारे कोणीतरी हवे होते हे जेम्सला उमगते, तेव्हा ह्या आकृतीचे प्रयोजन संपते आणि ती आत्मघात करते. त्याच गावात लॉरा नावाची लहान मुलगी निर्धास्त हिंडत असते. तिला राक्षस आडवे येत नाहीत, कारण तिच्यापाशी लपवण्यासारखे काही नाही.

जी आकृती अर्थ पूर्ण झाल्यावर स्वतःला संपवते, तिला पुन्हा उठवण्याचा अधिकार कोणाला? २००६ च्या चित्रपटाने तो घेतला. तिथे जेम्स नाही, मेरी नाही. हरवलेल्या मुलीला शोधणारी एक आई आहे. तरी पिरॅमिड हेड हजर आहे. २००८ च्या 'होमकमिंग'ने चित्रपटातले रूप उचलले आणि ही आकृती नायकाच्या बापाला मारण्यासाठी वापरली. परिचारिकाही आल्या, त्याच ढंगात. कोणाची वासना, कोणाचा अपराध, हा प्रश्न विचारण्याची सोय राहिली नाही.

आपल्या काव्यशास्त्रात लक्षणेचे दोन प्रकार सांगितले आहेत, प्रयोजनवती आणि रूढी. 'कुशल' म्हणताना आज कोणाला कुश तोडणारा आठवत नाही. तो अर्थ रूढीत विरून गेला. भाषेत हे शतकानुशतकांच्या वापराने घडते आणि त्यात कोणाचा दोष नसतो. इथे मात्र आपल्याच निर्मितीतली प्रयोजनवती लक्षणा मालकांनी सात वर्षांत रूढी करून टाकली, आणि तीही जाणूनबुजून. क्षेमेंद्राने औचित्याची चर्चा करताना मेखला गळ्यात घालणाऱ्याचे हसे होते असे म्हटले आहे. दागिना खोटा नसतो, जागा चुकलेली असते.

ह्यावर एक बचाव नेहमी ऐकू येतो. पिरॅमिड हेड हा गावाच्या इतिहासातल्या मारेकऱ्यांवर बेतलेला आहे, दुसऱ्या भागातच त्याचे तैलचित्र टांगलेले दिसते. तेव्हा तो गावाचा आहे, कोणालाही भेटू शकतो. हा युक्तिवाद सामग्री आणि अर्थ ह्यांत गल्लत करतो. चित्राने जेम्सच्या मनाला रूप पुरवले; त्या रूपाला अर्थ दिला तो त्याच्या अपराधाने. दुसऱ्या मनाने तेच चित्र पाहिले तर त्यातून दुसराच राक्षस निघायला हवा.

दुसरा बचाव प्रेक्षकांच्या मागणीचा. मागणी खरीच आहे. म्हणूनच ही आकृती २०१७ साली 'सुपर बॉम्बरमॅन आर'मध्ये गोंडस बाहुली होऊन आली आणि २०२० साली 'डेड बाय डेलाइट'मध्ये भाडोत्री मारेकरी म्हणून. पण मागणीने विक्री समजते, औचित्य समजत नाही.

उत्तरार्धात प्रतिभाच नव्हती, असे आम्ही म्हणत नाही. 'होमकमिंग'मध्येच स्कार्लेट नावाची चिनीमातीच्या बाहुलीसारखी राक्षसीण आहे. बापाने बळी दिलेल्या मुलीचे ते रूप, आणि ते त्या बापाच्याच अपराधातून उगवलेले. तिच्या निर्मात्यांना मालिकेचे व्याकरण कळले होते ह्याचा हा पुरावा आहे, आणि म्हणूनच उसन्या आकृतीचा दोष अधिक गंभीर ठरतो. २०२४ च्या नव्या आवृत्तीवर आमचा आक्षेप नाही. तिथे कथा जेम्सचीच आहे. २०२५ चा 'सायलेंट हिल एफ' तर १९६० च्या दशकातल्या जपानमध्ये जातो आणि हिनाको ह्या शाळकरी मुलीच्या भयातून स्वतंत्र राक्षस घडवतो. जुन्या मुखवट्यावाचून चालते, हे मालिकेने स्वतःच सिद्ध केले आहे.

साहित्याच्या वर्गाला ह्याचे काय, असे कोणी विचारील. आमच्या वर्गांतही प्रतीकांचे कोश पाठ केले जातात: काळोख म्हणजे अज्ञान, नदी म्हणजे जीवन. कोणाचा काळोख, कुठली नदी, हे विचारले जात नाही. 'पिरॅमिड हेड म्हणजे सायलेंट हिल' हे समीकरण त्याच आळसाचे बाजारी रूप आहे. प्रतीक संदर्भातून उपटले की त्याचे बोधचिन्ह होते. ते ओळखता येते, वाचता येत नाही. जे वाचता येत नाही त्याचे भयही फार काळ वाटत नाही.